बंद वाटीतील आवाज

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक विश्वकर्म्याचे लेणे किंवा सुताराची झोपडी म्हणतात. त्या लेण्यात पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द सहज निघाला, तरी तो लगेच नाहीसा होत नाही. सातव्या शतकात कोरलेल्या या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी वाशांचा भास देणारे दगडी वासे आहेत. समोर स्तूप आणि स्तूपापुढे बसलेली भव्य बुद्धमूर्ती. भिंती दगडाच्या, छत दगडाचे, जमीनही दगडाचीच. उच्चारलेला शब्द या पाषाणावर आपटतो, परततो, पुन्हा आपटतो, आणि बोलणारा गप्प झाल्यावरही काही काळ त्या पोकळीत फिरत राहतो. संथ लयीत म्हटलेल्या मंत्राला तेथे विलक्षण भारदस्तपणा येतो. परंतु त्याच जागी कोणी भरभर बोलू लागला, तर एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दाच्या तोंडात शिरते आणि अर्थ लागेनासा होतो.

हे लेणे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. त्याच शहरात आज असंख्य माणसे असेच एकेक लहानसे लेणे दोन्ही कानांवर बांधून वावरत असतात. बंद पाठीचा हेडफोन तो हाच. वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून बसने परतणारा कामगार, विद्यापीठाच्या परिसरात एका खोलीत तिघांसह राहून अभ्यास करणारा विद्यार्थी, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेला तंत्रज्ञ, या सर्वांना बाहेरचा गलबला आत नको असतो आणि आतला आवाज बाहेर जायला नको असतो. उघड्या पाठीचा हेडफोन त्यांच्या कामाचा नाही. म्हणून ते बंद वाटी पत्करतात, आणि वाटीबरोबर तिचा घुमाराही पत्करतात. हा घुमारा कमी कसा करावा, आणि तो कमी करण्याची खरोखर गरज काय, हा या भाषणाचा विषय आहे.

कानाला यंत्र लावून ऐकण्याची चाल नभोवाणीहूनही जुनी आहे. अमेरिकेतील युटा प्रांतात राहणाऱ्या नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून तयार केलेले कर्णयंत्र १९१० साली तेथील आरमाराने स्वीकारले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, त्या काळी स्फटिकाच्या साध्या संचावर ऐकावयाचे तर कानाला यंत्र लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे १९५० साली हैदराबाद संस्थानच्या नभोवाणीची हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. तोपर्यंत दिवाणखान्यातील कर्णा रूढ झाला होता आणि कानावरचे यंत्र तंत्रज्ञापुरते उरले होते. आजच्या जातीचा, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याचा, पहिला हेडफोन जर्मनीतील बायर यांच्या कारखान्याने १९३७ साली काढला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीतासाठी दोन कानांचा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, आणि १९६८ साली जर्मनीतीलच सेनहायझर कंपनीने पाठ उघडी ठेवलेला पहिला हेडफोन विकावयास काढला. पाठ उघडी ठेवावी असे त्यांना का वाटले, हे कळले म्हणजे बंद वाटीचे दुखणे कोठे आहे तेही कळते.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की कानाकडील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागील हवा विरळ होते. म्हणजे जितका आवाज कानाकडे जातो, जवळजवळ तितकाच उलटा आवाज पाठीमागे जातो. पाठ उघडी असली तर तो खोलीत निघून जातो. पाठ बंद असली तर तो वाटीच्या भिंतीवर आपटून परततो आणि पडद्यावर मागून थाप मारतो. पडदा कागदाइतका पातळ असल्यामुळे ती थाप कानापर्यंत पोहोचते. वेरूळच्या लेण्याची खोली पंचवीस मीटरांच्या आसपास आहे. टोकाला जाऊन परत येण्यास आवाजाला सुमारे एक सप्तमांश सेकंद लागतो, म्हणून तेथे प्रतिध्वनी वेगळा कळतो. वाटी जर तीन सेंटीमीटर खोल असेल, तर तोच प्रवास एका सेकंदाच्या सुमारे ५,७०० व्या भागात पुरा होतो. इतक्या अल्प अवधीतील प्रतिध्वनी कानाला वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याचा रंग बदलतो.

हा रंग कोणता, तेही गणिताने सांगता येते. तीन सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर असलेल्या दोन कठीण पृष्ठभागांमध्ये ५,७०० हर्ट्झच्या आसपासची लहर अडकून बसते. मराठीतील ‘स’कार ज्या टप्प्यात सळसळतो, तो हाच. वाटीची रुंदी सात सेंटीमीटर धरली, तर त्या दिशेने अडकणारी लहर २,४५० हर्ट्झच्या जवळची असते. आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. यास्तव बंद वाटीतून ऐकलेली गायिका कधी नाकात गाते असे वाटते, कधी तिचा ‘स’ सुईसारखा टोचतो. दोष बहुधा गळ्याचा नसतो व ध्वनिमुद्रणाचाही नसतो.

सुधारणेस हात घालणारे बहुतेक लोक प्रथम वाटी उघडतात. वस्तुतः पहिली तपासणी वाटीच्या बाहेर, कानाभोवतीच्या गादीची करावयाची असते. बंद हेडफोनचा खर्ज हा बऱ्याच अंशी गादीच्या घट्टपणावर अवलंबून असतो. पडदा, गादी आणि डोक्याची कातडी यांच्यामध्ये हवेचा एक लहान कोष तयार होतो. खर्जाच्या संथ कंपनांत पडदा या कोषातील हवा दाबतो व सोडतो. त्या कोषाला फट असेल, तर दाब निर्माण होण्याआधीच हवा निसटते आणि खर्ज अनेक डेसिबेलनी उतरतो. फूटबॉलला बारीक छिद्र असताना तो पंपाने फुगवण्यासारखेच हे आहे. चष्म्याची काडी, दाट केस, कानामागे नीट न बसलेली गादी, किंवा घामाने पापुद्रे सुटलेले कृत्रिम कातडे, यांपैकी कोणतीही गोष्ट अशी फट पाडण्यास पुरेशी असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, कृत्रिम कातड्याच्या गाद्या फार दिवस तग धरीत नाहीत हे उघड आहे.

याची परीक्षा सोपी आहे. ३० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावावा आणि दोन्ही तळहातांनी वाट्या हलकेच दाबून पाहाव्या. दाबताच खर्ज भरून आला, तर बहुधा फट आहे असे समजावे. नवी गादी, किंवा चष्म्याची अधिक बारीक काडी, एवढ्यानेही त्या वेळी काम होते. मात्र गादी बदलताना एक विवेक ठेवावा लागतो. कातड्याची गादी हवा धरून ठेवते आणि खर्ज राखते. कापडाची गादी अंगाला थंड लागते, पण तिच्यातून हवा झिरपते आणि खर्ज घटतो. जाड गादी कानाला पडद्यापासून दूर नेते आणि त्यामुळे वरच्या पट्टीचा तोलही बदलतो. केवळ मऊपणा पाहून घेतलेली गादी पुष्कळदा मूळ हेडफोनहून वाईट आवाज देते.

गादी निर्दोष ठरल्यावर मग वाटीच्या आत पाहावे. तेथील उपाय १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात सापडलेल्या उपायाशी नाते सांगतो. तेथील एका व्याख्यानगृहात आवाज इतका घुमत असे की वक्त्याचे बोलणे कळत नसे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. रात्रीच्या शांततेत, जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या एकेक करून खोलीत मांडीत त्यांनी घुमारा किती सेकंदांत विरतो ते मोजले. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा कमी होत गेला. गादीतील तंतूंच्या जंजाळातून हवेला ये-जा करावी लागते, त्या घर्षणात आवाजाची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. वेरूळचे लेणे माणसांनी भरले की कमी घुमते, तेही याच न्यायाने. अंगावरची वस्त्रे आवाज पितात.

वाटीत हेच काम पिंजलेला कापूस किंवा लोकर करते. काळ्या जमिनीच्या या प्रदेशात कापसाची वाण नाही, आणि पिंजाऱ्याचा धंदा ज्याने पाहिला आहे त्याला मोकळा कापूस व दडपलेला कापूस यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. मोकळ्या कापसात हवेला वाट असते, म्हणून घर्षण होते. गच्च भरलेला कापूस भिंतीसारखा वागू लागतो आणि आवाज पुन्हा परतवतो.

येथे एक चूक इतकी सर्रास होते की तिचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ लोक वाटीच्या तळाला नमद्याचा पातळ तुकडा चिकटवतात आणि काम झाले असे मानतात. परंतु भिंतीला अगदी लागून हवा जवळजवळ हलतच नाही. तेथे दाब असतो, हालचाल नसते. घर्षणावर चालणारा उपाय हवा जेथे सर्वांत अधिक हलते तेथे योजला पाहिजे, आणि ती जागा भिंतीपासून पाव तरंगलांबीवर असते. ५,७०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा सेंटीमीटर, म्हणून पाव भाग दीड सेंटीमीटर, म्हणजे बरोबर वाटीचा मध्य. तेव्हा तळाशी चिकटवलेल्या तीन मिलिमीटरांच्या नमद्यापेक्षा वाटीच्या मध्यापर्यंत येणारा हलका कापूस अधिक उपयोगी पडतो. तंतू पडद्याच्या पाठीत शिरू नयेत म्हणून त्याला मलमलीच्या पातळ तुकड्यात बांधावे. पडद्याच्या मागील बाजूस जी लहान छिद्रे असतात ती मात्र मोकळी ठेवावी; ती बुजली की पडद्याची चालच जखडते आणि खर्ज मरतो.

खर्जाच्या बाबतीत कापसाकडून भलती अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरांच्या जवळपास असते. तीन सेंटीमीटरांच्या वाटीतील कापूस तिला पिऊ शकत नाही. वाटीतील बंदिस्त हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी काम करते आणि त्या स्प्रिंगच्या ताठरपणावर खर्जाचा उठाव ठरतो. म्हणूनच कारखानदार वाटीला एखादे बारीक छिद्र ठेवतात आणि त्यावर विरळ कापड किंवा सच्छिद्र कागद लावतात. हवेला थोडी वाट मिळते, पण अडथळ्यातून. हे छिद्र चिकटपट्टीने अर्धे झाकले तर खर्जाचा तोल बदलतो, आणि पट्टी काढली की तो पूर्ववत होतो. उलट, हौसेने पाडलेले नवे भोक पुन्हा पहिल्यासारखे बुजवता येईलच असे नाही.

तिसरा दोष वाटीच्या भिंतीचा. हलक्या प्लास्टिकची वाटी आतल्या दाबाने स्वतःच कापू लागते आणि आपला सूर त्यात मिसळते. बोटाच्या नखाने वाटीवर टिचकी मारून पाहावी. ‘टण्’ असा लांबणारा नाद आला तर भिंत कापते, ‘टप्’ असा तुटक आवाज आला तर ती स्वस्थ आहे. या दोषावर वजन हा उतारा होय. आतून लावलेला मेणचट मातीचा पातळ थर किंवा रबरी पत्र्याचा तुकडा भिंतीचे कंप मंद करतो.

वजन योग्य जागी ठेवल्याने नाद कसा सुधारतो, हे ज्ञान या देशाला नवे नाही. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे स्वर परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून सामान्य ढोलाला निश्चित सूर नसतो. तबल्याच्या व मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाई चढवली की तेच विस्कळीत स्वर रांगेत येऊन उभे राहतात. या गोष्टीचे शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली कलकत्त्याहून केले; परंतु शाई घोटणाऱ्या कारागिराने ती त्याआधी कित्येक पिढ्या हाताने आणि कानाने साधली होती. शाई बेताबेताने, थर देऊन, प्रत्येक थरानंतर ऐकून चढवावयाची असते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा केसभर हलला तरी जवारी उघडते किंवा मिटते. हेडफोन सुधारू पाहणाऱ्याने हाच धडा घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा, तो दोन्ही वाट्यांत सारखाच करावा, आणि पुढे जाण्यापूर्वी ऐकावे. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला कशामुळे काय झाले ते कधीच कळत नाही.

ऐकतानाही कान फसतो. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असेल तो मनुष्याला अधिक चांगला वाटतो. तेव्हा तुलना करताना दोन्हींची उंची सारखी ठेवली पाहिजे. ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे, एकटा तंबोरा, आणि ठेका धरलेला तबला, एवढे तीन नमुने परीक्षेस पुरतात. बोलण्यात नाकाडेपणा जाणवतो, तंबोऱ्यात वरच्या स्वरांची झळाळी कळते आणि डग्ग्याच्या घुमेत खर्जाचा तोल दिसतो.

काम करताना जपण्याच्या गोष्टी दोन. आतला चुंबक जबर असतो. लोखंडी पेचकस हातातून ओढला जाऊन पडद्यात घुसतो आणि क्षणात सारे संपते. वेटोळ्याच्या तारा केसाहून बारीक असतात. त्या ओढल्या की तुटतात. बाहेरचा गोंगाट विद्युत्-साधनाने मारणारे जे हेडफोन आहेत, त्यांची वाटी मात्र उघडूच नये. त्यांच्या आत सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवलेले असतात आणि साऱ्या मंडलाचा तोल वाटीच्या मूळ पोकळीवर बेतलेला असतो. तेथे कापूस भरणे म्हणजे घड्याळाच्या लंबकाला वजन बांधण्यासारखे आहे.

हे सर्व उपाय केल्यावर जे उरते त्यासाठी दूरध्वनी-संचातील स्वरतोल साधन, ज्याला इक्वलायझर म्हणतात, ते वापरावे. एखादा विस्तृत पट्टा थोडा उतरवणे किंवा चढवणे त्याला उत्तम जमते. गळती मात्र त्याने बुजत नाही. फट कायम ठेवून खर्ज चढवला तर पडदा दुप्पट धावतो, आवाज फाटतो, आणि डोके किंचित वळवताच सारा तोल बिघडतो. यास्तव गादी आधी, वाटी नंतर आणि हे साधन शेवटी, हा क्रम उलटा करू नये.

आता गरजेचा प्रश्न. थोड्या अधिक गोड आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर त्या बसमधून परतणाऱ्या कामगारापाशी आहे. आठ तास यंत्रांच्या खडखडाटात काढलेला कान सायंकाळी थोडा बधिर झालेला असतो. भारतातील कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा धरली जाते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी सांगितलेले माप ८० डेसिबेल, आठवड्यास ४० तास, असे आहे, आणि दर तीन डेसिबेलच्या वाढीबरोबर ही मुदत निम्मी होते. ८६ डेसिबेलला दहा तास उरतात, ८९ डेसिबेलला पाच. थकलेल्या कानावर तो हेडफोन चढवतो. गादीला फट असते. बसची घरघर आत शिरते आणि गाण्याचा खर्ज बाहेर निसटतो. गाणे पोकळ लागते, म्हणून तो आवाज वाढवतो. वाढवताच २,००० ते ६,००० हर्ट्झचा वाटीचा घुमाराही त्याच प्रमाणात वाढतो. गोंगाटाने होणारे बहिरेपण प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास चरते, म्हणजे याच पट्ट्यात. गेलेला तो भाग परत येत नाही, कारण आतील कानाच्या ज्या सूक्ष्म रोमपेशी एकदा मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रारंभी त्याला काही कळतही नाही. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद पुसट होतो, गर्दीत समोरच्याचे बोलणे निसटू लागते, आणि लोक नीट बोलत नाहीत अशी त्याची समजूत होते.

म्हणून बंद वाटीची दुरुस्ती ही कानाची निगा आहे. घट्ट बसलेली गादी बाहेरची घरघर काही अंशी अडवते आणि खर्ज राखते; मोकळा कापूस टोचणारा पट्टा निववतो; आणि मग तेच गाणे कमी आवाजात भरीव लागते. या साऱ्या खटाटोपाचे यश मोजण्यास कोणतेही महागडे यंत्र नको. ज्या दिवशी आवाजाची पट्टी पूर्वीपेक्षा दोन घरे खाली ठेवूनही गाण्यातला एकही शब्द हरवत नाही, त्या दिवशी दुरुस्ती साधली असे खुशाल समजावे, आणि पट्टी पुन्हा वर नेऊ नये.